व्याह्यांच्या मानाचं डोकं

मेंढा कापावा तर ओरिनबासारनं, असं आमच्या अख्ख्या खोऱ्यात म्हणतात. सुरुवातीला हे मी एकटाच म्हणत होतो, पण नेटानं म्हणत राहिलं की लोकही म्हणायला लागतात! माझा हात म्हणजे लोण्यातून केस काढावा तसा. मेंढ्याला वाटतं, ह्यानं आपली मान खाजवली. आणि तेवढ्यात तो वर पोचलेलाही असतो. बारसं असो, मयत असो, कुणाचा पोरगा सैन्यातून सुखरूप परत येवो, माणूस आमच्या फाटकाशी उभा राहून हाक मारणार, "ओरिनबासार, सुरी घेऊन चल रे!" मी रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रॅक्टर चालवतो. पगार मिळतो तो ट्रॅक्टरचा, पण मान मिळतो तो सुरीचा.

त्यामुळे आमच्या लेकीचं, सामालचं लग्न जमलं आणि व्याही मंडळी रविवारी घरी यायची ठरली, तेव्हा मी बायकोला सांगून टाकलं, "रौशान, तू फक्त मोठ्या कढईत पाणी तापत ठेव. बाकी माझ्यावर सोड. व्याह्यांनी जन्मभर आठवण काढली पाहिजे!"

आठवण ते जन्मभर काढणार आहेत. त्याबद्दल वादच नाही.

आमच्याकडे व्याह्यांचा पाहुणचार म्हणजे पोरखेळ नव्हे. मेंढा कापायचा, त्याचं उकडलेलं डोकं मुख्य पाहुण्यापुढे ठेवायचं आणि शेपटीची चरबी नि कलेजी व्याह्यांना हातानं भरवायची. तो घास पोटात गेला की सोयरीक पक्की. मग पोरं भांडोत, विहिणी भांडोत, डोंगर कोसळो, मोडता येत नाही! पण घास नाकारला, तर मुलगीच नाकारली असं समजतात. त्यात आमचे होणारे व्याही तुरारबेक म्हणजे घाटापलीकडचे नावाजलेले खवय्ये. त्यांना मी शहरात एकदाच, तेही ओझरतं, पाहिलं होतं. अंगानं गोदामासारखे. त्यांच्याबद्दल अशी ख्याती, की ते डोकं खाऊन ठेवून देतात तेव्हा मुंग्यासुद्धा बघून परत जातात.

अशा माणसापुढे घरचे मरतुकडे मेंढे कसे ठेवणार? मी डोंगरामागच्या एका मेंढपाळाला माझ्या दोन मेंढ्या दिल्या आणि बदल्यात एक मेंढा आणला. पांढराशुभ्र, डोकं तेवढं पिवळं. आमच्यात असा मेंढा फार शुभ मानतात. शेपूट तर अशी, की मागून दुसरा मेंढा चालत येतोय असं वाटावं!

फक्त एक भानगड होती. मेंढे गवताकडे बघतात. हा माझ्याकडे बघायचा.

चारा टाका, पाणी ठेवा, पाठ फिरवा, हा आपला बघतोय. ती आडव्या फटीसारखी बाहुली कधी हलायची नाही. रौशान दाराशी आली आणि म्हणाली, "अहो, हा अगदी माझ्या थोरल्या मामांसारखा बघतो."

"कुठले गं मामा?"

"वारले ते."

"उद्या हाही वारेल," मी म्हणालो आणि मोठ्यानं हसलो. मेंढ्यानं बघणं थांबवलं नाही.

रविवारी सकाळी उठलो तर अंगणच नव्हतं! धुकं असं उतरलं होतं, की मी हात लांब केला तर पुढची बोटं दुसऱ्याच कुणाची तरी वाटावीत. गावातली कुत्री एरवी शिंक आली तरी भुंकतात. त्या दिवशी एकही भुंकत नव्हतं. कोंबडा आरवायला लागला आणि मध्येच, विचार बदलल्यासारखा, थांबला.

मी मात्र बाह्या सरसावल्या. आमची अपा, म्हणजे माझी आई, स्वयंपाकघराच्या खिडकीत बसते. तिनं तिथूनच तळवे पुढे करून दुवा दिली. मेंढ्याला धुक्यातून अंगणाच्या मध्यावर आणलं. तो ओढावा लागला नाही. स्वतःहून चालत आला, आणि हे मला आवडलं नाही. आडवा केला, तोंड काब्याकडे वळवलं, तीन पाय बांधायला घेतले. जनावराला सुरी दिसू द्यायची नसते, म्हणून ती पाठीमागे धरली. आणि ते वाक्य म्हणालो.

सुरी लावण्याआधी जनावराला एक वाक्य सांगायचं, ही आमची बापजाद्यांची रीत. "गुन्हा तुझा नाही, अन्न आमच्याकडे नाही." म्हणजे माफीही मागितली जाते आणि कामही अडत नाही. हे मी इतक्या वेळा म्हटलंय, की झोपेतसुद्धा म्हणतो. रौशान दचकून उठते बिचारी.

"गुन्हा तुझा नाही," मी म्हणालो, "अन्न आमच्याकडे नाही."

"खोटं!"

धुक्यातून आवाज आला. घोगरा, ओला, हवा निसटल्यासारखा. माणसाचा नव्हे. निदान जिवंत माणसाचा तरी नव्हे!

मी मेंढ्याकडे बघितलं. मेंढा माझ्याकडे बघत होता. त्याचा जबडा हळूहळू हलत होता.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा माझ्या हातात सुरी होती, जमिनीवर दोरी होती आणि मेंढा नव्हता.

"झालं का हो?" आतून रौशाननं विचारलं.

"झालंच जवळजवळ!" असं ओरडून मी फाटकाबाहेर पळालो.

दवावर खुरांच्या खुणा दिसत होत्या. मेंढा धावला नव्हता, रमतगमत गेला होता. शाळेच्या भिंतीलगत, ओढ्याच्या कडेनं, आणि मग टेकाडावर. टेकाडावर आमचं कब्रस्तान आहे. विटामातीचे छोटे छोटे घुमट, त्यांवर लोखंडी चंद्रकोरी. उन्हात बघितलं तर बुटक्यांचं गाव वाटतं. धुक्यात मात्र घुमट पुढे सरकतात. खरंच सांगतो. एकाकडे बघावं तर बाजूचा जवळ आलेला असतो.

आत कुठेतरी काहीतरी जोरानं श्वास घेत होतं.

आता मेंढा म्हटलं की चुचकारलं पाहिजे. मी सुरी मागे धरली आणि गोड आवाजात म्हणालो, "ये रे बाळा. ये. लपून काय उपयोग?"

श्वास थांबला.

"घाबरू नकोस. सुरीला रात्रीच धार लावून ठेवलीय. कळणारसुद्धा नाही तुला."

एका घुमटामागून आवाज आला. बारीक, कापरा. "माझा गुन्हा काय?"

माझ्या टोपीखालचे केस टोपी घेऊन उभे राहिले! मेंढा बोलत होता. सकाळी एक शब्द बोलला होता, आता अख्खं वाक्य! पण सवय कुठे जाते? तोंडातून आपसूक निघालं, "गुन्हा तुझा नाही. अन्न आमच्याकडे नाही."

"म्हणून मला खाणार?"

"मग काय करू? व्याही यायचेत!"

"व्याह्यांना खायला घालणार मला?"

"डोकं व्याह्यांना," मी रडकुंडीला येऊन म्हणालो. आता खोटं बोलायची छातीच नव्हती. "आतडी शेजाऱ्यांना. कातडं अजून ठरलं नाही."

 तो आवाज हुंदका देत म्हणाला, "अहो, पण मीच व्याही आहे!"

मेंढा स्वतःला माझा व्याही म्हणवतोय! मी मटकन खाली बसलो. तेवढ्यात समोरच्या घुमटामागून दोन हात वर आले, मग मोठी कोल्ह्याच्या कातड्याची टोपी आली आणि तिच्याखाली गोदामाएवढे तुरारबेक आले. कोट, टाय, बूट चिखलात. ते मला बघून किंचाळले. मी त्यांना बघून किंचाळलो. मेंढा आमच्या दोघांच्या मध्ये उभा होता. तो किंचाळला नाही.

"व्याहीबुवा?" मी म्हणालो.

"आधी ती सुरी खाली ठेवा!" ते म्हणाले.

मी ठेवली. मग आम्ही दोघं एका कबरीच्या ओट्यावर बसलो आणि एकमेकांचे हात बराच वेळ सोडले नाहीत. प्रेम म्हणून नव्हे, दोघंही जिवंत असल्याची खात्री करून घेत होतो.

"तुम्ही इथे कसे?" मी विचारलं. "गाडी कुठाय? विहीणबाई कुठायत?"

"गाडी ओढ्याशी उभी आहे. पाय मोकळे करून येतो म्हणालो आणि पळालो."

"पळालात? का?"

तुरारबेक बुटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ओरिनबासार, मला मांस जात नाही."

मला वाटलं माझे कान धुक्यानं भरलेत. तुरारबेकांना मांस जात नाही म्हणजे माशाला पाणी सोसत नाही!

"गेल्या हिवाळ्यात घोडी कापली," ते सांगू लागले. "माझीच. म्हातारी झाली होती. एकदा बर्फाच्या वादळात मी तिच्या पाठीवर बेशुद्ध पडलो होतो, ती मला दारापर्यंत घेऊन आली होती. दारावर टापा मारून माणसं उठवली होती तिनं. पण म्हातारी झाली, चारा महागला. सगळे म्हणाले, हिवाळ्याची बेगमी करून टाक. मीही ते वाक्य म्हणालो. 'गुन्हा तुझा नाही.' तिनं माझ्या खिशाचा वास घेतला. मी रोज खिशात साखर ठेवायचो ना. त्या दिवशीही होती. विसरून राहिली होती. मी तिला साखर दिली, आणि मग..."

  धुक्यात मेंढा कबरीवरचं गवत खात होता, त्याचा कुरकुर आवाज येत होता. एवढाच आवाज साऱ्या जगात होता.

"त्यानंतर पहिला घास तोंडात घेतला तर गोड लागला," तुरारबेक म्हणाले. "साखरेसारखा. तेव्हापासून प्रत्येक घास गोड लागतो. गिळता येत नाही. घरी कुणाला सांगितलं नाही. माझी गौहर माहीत नाही तुम्हाला. आणि आज तुम्ही सगळ्यांसमोर भरवणार! नाही खाल्लं तर पोरांचं लग्न मोडेल. माझा दिदार तुमच्या सामालवर जीव टाकतो हो."

 मुलीचा बाप म्हटलं की डोकं चालावंच लागतं. मी मांडीवर थाप मारली. "व्याहीबुवा, काळजी सोडा. आमच्या रौशानचा इरिमशिक खाल्लाय कधी? दूध तपकिरी होईतो आटवून जो चीजचा खडा करतात, तो. तुकडा केला की हुबेहूब कलेजी! आणि वर पांढऱ्या ताज्या पनीरची चकती ठेवली की झाली चरबी. तुमच्या वाटणीचा घास मी स्वतः लावून ठेवतो. कुणाच्या बापाला कळणार नाही!"

तुरारबेकांनी मला मिठी मारली. माझ्या बरगड्या वाजल्या.

कब्रस्तानातल्या जनावराला हात लावायची कुणाची छाती नसते, माझीही नव्हती. पण आम्ही निघालो तसा मेंढा आपणहून मागे आला. मी थांबलो की थांबायचा. "तो मागे बघतोय का?" तुरारबेक कुजबुजले. "पुढेच बघतोय," मी म्हणालो. "म्हणजे आपल्याकडे."

घरी विहीणबाई गौहर आधीच येऊन पोचल्या होत्या. नवरा गायब, म्हणून त्यांनी अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं. रौशाननं मला कोपऱ्यात ओढलं. "मेंढा जिवंत कसा? नशीब माझं, मी फ्रीजरमधलं घोड्याचं मांस चढवलं! चरबी नि कलेजीही निघाली आतून."

"रौशान, तो मेंढा बोलतो," मी म्हणालो. "मला खोटारडा म्हणाला."

"ते मी म्हणाले," खिडकीतून अपा म्हणाली. तोच आवाज! घोगरा, ओला, हवा निसटलेला! "दात पेल्यात होते माझे. अन्न नाही म्हणतोस? ह्या फ्रीजरचं झाकण लागत नाही म्हणून रोज मला त्याच्यावर बसवता, तेव्हा कुठे ते बंद होतं. आणि बिचाऱ्या मुक्याला सांगतो, अन्न नाही! मरताना तरी खरं सांगावं माणसानं."

"मग काय सांगायचं त्याला?"

"सांगायचं, अन्न भरपूर आहे, पण व्याह्यांपुढे आमचं नाक वर राहायला हवं."

हे वाक्य मी मनात म्हणून बघितलं. सुरी हातात धरून ते म्हणता येईना.

पण विचार करायला वेळ होता कुणाला? मी स्वयंपाकघरात घुसलो, ताटात चरबी-कलेजीचे घास लावले आणि एका कडेला इरिमशिकचा घास ठेवला. कडेला निशाणी म्हणून कांद्याची चकती. रौशानला बजावलं, "कांद्याकडचा घास तुरारबेकांना. विचारू नकोस का ते!"

पंगत बसली. खिडक्यांबाहेर धुकं काचेला नाक लावून उभं होतं. रौशान ताट घेऊन आली, आणि दारात सामालनं कौतुकानं त्यातली कांद्याची चकती उचलून तोंडात टाकली!

मी हातवारे केले. रौशानला वाटलं मी घाई करतोय. तिनं पहिला घास विहीणबाईंच्या तोंडात घातला, दुसरा तुरारबेकांच्या. बायका ओरडल्या, "खाल्लं! खाल्लं!"

विहीणबाई चावता चावता थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूहळू पुन्हा चावू लागल्या.

तुरारबेक चावत नव्हते. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. खरी चरबी, खरी कलेजी! बायका म्हणाल्या, "अगं बाई, किती हळवे!" आणि तेवढ्यात विहीणबाईंनी घास गिळून विचारलं, "सगळं छान. पण डोकं कुठाय? व्याह्यांपुढे मानाचं डोकं ठेवायचं नाही, ही कुठली रीत?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.  

दार करकरलं. दाराच्या फटीतून, धुक्याच्या लोटासकट, पिवळं डोकं आत आलं.

कुणी हललं नाही. मेंढा आत शिरला. खुरांचा टक्, टक् आवाज करत लाकडी जमिनीवरून चालत आला आणि बरोबर तुरारबेकांपुढे, जिथे मानाचं डोकं ठेवतात त्या जागी येऊन उभा राहिला. मान खाली घातली. आणि त्यांच्या कोटाच्या खिशाचा वास घेतला.

तुरारबेकांचा रंग उडाला. त्यांनी तोंडासमोर रुमाल धरला, घास त्यात टाकला आणि लहान मुलासारखे रडायला लागले. रडता रडता सगळं सांगितलं. घोडी, वादळ, साखर, सगळं. खोलीत फक्त त्यांचा आवाज आणि मेंढ्याचा श्वास. माझ्या अंगावर काटा आला तो अजून पूर्ण गेलेला नाही.

शेवटी विहीणबाई बोलल्या. "एवढंच? आणि तुला वाटतं मला माहीत नाही? वर्षभर तू आपलं ताट कुत्र्याला घालतोस! कुत्रा दाराएवढा झालाय! परवा दारात अडकला, मीच बाहेर ओढला त्याला!"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते," त्या म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज जरा ओला झाला. मग माझ्याकडे वळल्या. "पण यांनी घास थुंकला. सोयरिकीचं काय आता?"

रौशानच्या हातातलं ताट कलंडलं. दाराआड सामालचा रडवेला चेहरा मला दिसला.

"दोघांतल्या एकानं खाल्लं तरी चालतं," अपा म्हणाली. आता दात बसवलेले होते. "विहिणीनं खाल्लं. मी बघितलं. आणि डोकंही आलंय की समोर. अंगासकट आलंय, उलट जास्तच मान झाला!" तिनं तळवे पुढे केले, सगळ्यांनी केले, दुवा झाली, सोयरीक पक्की झाली.

निघताना विहीणबाई माझ्या कानाशी आल्या. "चांगला आटवलाय हो इरिमशिक," त्या म्हणाल्या. "रौशानला सांगा, थोडी साखर कमी घाल." आणि गाडीत जाऊन बसल्या. म्हणजे ती चरबी-कलेजी व्याह्यांकडच्या कुणाच्याच पोटात गेली नाही! सामालला आता पोरगा झालाय, त्यामुळे हे मी कुणाला सांगत नाही.

पुढे वसंतात घाटावरून एक ट्रक आला. तुरारबेकांनी आहेर पाठवला होता. एक लंगडी गाय, दोन आंधळ्या शेळ्या, दात पडलेला एक उंट. सोबत निरोप, "व्याही, ह्यांना मी ते वाक्य सांगू शकत नाही. तुम्ही सांभाळा." मला तरी कुठे सांगता येतंय! अपानं शिकवलेलं ते खरं वाक्य मी शेजाऱ्यांच्या मेंढ्यांपुढे म्हणून बघितलं. निम्म्यावर आवाज जातो. आता लोक घाटाखालच्या दुसऱ्या कुणाला तरी बोलावतात. आमच्या अंगणात मात्र म्हाताऱ्यांचं संमेलन भरलंय आणि पिवळ्या डोक्याचा मेंढा त्यांचा अध्यक्ष आहे. सगळे मिळून माझ्याकडे बघतात.

तुम्ही विचाराल, मग ओरिनबासारनं मांस सोडलं का? छे हो! खातो की. शहरातल्या बाजारातून आणतो. कापलेलं, तोललेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं. त्याला काही सांगावं लागत नाही, ही केवढी सोय! फक्त येताना ती पिशवी मी गाडीत मागच्या सीटवर ठेवतो. आणि मागचं दाखवणारा वरचा आरसा जरा वळवून घेतो.